चालता चालता बंद पडणारी जुनी पेट्रोल गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मारुती ८०० आणि तिच्या आसपासच्या काळातल्या ऑम्नी, झेन, एस्टीम अशा पेट्रोल गाड्यांसाठी आहे. ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. ढोबळमानाने २००० पर्यंतच्या ८०० कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोलचं मिश्रण यांत्रिकपणे करणाऱ्या) आणि नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणाऱ्या. तपासणी करताना हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून गरज असेल तिथे दोन्हींबद्दल वेगळं लिहिलं आहे. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांनाही यातला बराच भाग लागू पडेल. डिझेल गाड्यांचा विचार इथे केलेला नाही.

गाडी कधीतरीच बंद पडते. गॅरेजमध्ये नेली की मात्र उत्तम चालते. दोष शोधायचा कसा?

गाडी ठीक चालत असताना तपासून हा दोष सापडत नाही. मेकॅनिकला काही दिसत नाही, मग अंदाजाने प्लग, कॉइल (ठिणगीसाठी बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारा भाग), पंप बदलले जातात आणि आठवड्याने गाडी पुन्हा चौकात उभी राहते. इंजिन थांबतं तेव्हा बहुधा तीनपैकी एक गोष्ट गेलेली असते: प्लगला येणारा करंट, पेट्रोल, किंवा या दोन्हींना लागणारा बॅटरीचा सप्लाय. यातलं काय गेलं हे बंद पडल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांतच कळतं. गाडी थंड झाली, टोइंगवाला आला, की पुरावा गेला.

म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. दर वेळी नोंदवा: इंजिन किती वेळ चाललं होतं, टाकीत पेट्रोल किती होतं, एसी चालू होता का, पाऊस, चढ, खड्डा, वळण, आणि किती वेळाने गाडी परत सुरू झाली. तीन-चार नोंदींत बहुधा काहीतरी समान निघतं. मेकॅनिकलाही 'गाडी बंद पडते' यापेक्षा 'चाळीस मिनिटांनंतर बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते' हे सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं.

बंद पडण्याच्या पद्धतीवरून काही कळतं का?

पुष्कळ कळतं. चावी फिरवावी तसं इंजिन एका क्षणात गप्प झालं, तर इग्निशनवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेवर, संशय घ्या. आधी झटके, खोकल्यासारखी धडधड, पिकअप जाणं आणि मग बंद, असं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. रस्त्यावर नीट चालते पण सिग्नलला एक्सलेटरवरून पाय काढला की जाते, तर दोष आयडलिंगच्या (एक्सलेटर न देता इंजिन मंद चालू ठेवण्याच्या) जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, किंवा कुठूनतरी आत येणाऱ्या जादा हवेत. हे नियम शंभर टक्के नाहीत. एमपीएफआयमध्ये पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) अचानक सुटला तरी इंजिन जवळजवळ झटक्यातच थांबतं.

अजून एक गोष्ट नजर ठेवण्यासारखी आहे. इंजिन बंद पडल्यावर चावी ऑनच असते, त्यामुळे ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागायलाच हवेत. ते लागले नाहीत, किंवा सगळं मीटर क्षणभर मेलं, तर कार्बोरेटर उघडायची गरज नाही. इग्निशन स्विच, मुख्य फ्यूज, बॅटरीचे लग (टर्मिनलवरच्या पकडी) आणि अर्थिंग (बॅटरीची बॉडी-इंजिनशी जोडणी) इथेच शोधा.

बंद पडल्या पडल्या नेमकं काय तपासायचं?

गाडी सुरक्षित जागी घ्या, हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा. सोबत एक जुना पण चालू प्लग, रबरी मुठीचा पक्कड आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प असला की पुरे.

आधी करंट. एका प्लगची वायर काढून तिला सोबत आणलेला प्लग लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवून पकडीने धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल गळत असेल किंवा वास येत असेल तर हे करूच नका. निळसर, कडक आवाजाची ठिणगी आली तर इग्निशन सध्या तरी निर्दोष. पिवळट, मरतुकडी किंवा अजिबात नाही, तर दोष तिथे आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत एचटी वायर (प्लगकडे ठिणगीचा करंट नेणारी जाड वायर) मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतो.

करंट असेल तर पेट्रोल. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि एक्सलेटरची दांडी हाताने झटकन ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडालेली दिसली पाहिजे. दिसली नाही तर बहुधा फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा साठा) रिकामा आहे, म्हणजे दोष टाकी ते कार्बोरेटर या वाटेवर आहे. एमपीएफआयमध्ये चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर यायला हवी. आली नाही तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग. घरघर आली म्हणजे प्रेशरही आहे असं मात्र समजू नका.

दोष पाच सेकंदच येतो आणि जातो, बोनेट उघडेपर्यंत गाडी सुरू. मग?

यावर टेस्ट लॅम्प केबिनमध्ये आणणं हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि गॅरेजवाले कंटाळा करतात तोही हाच. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून एक वायर एक अँपिअरच्या फ्यूजमधून केबिनमध्ये घ्या, छोटा बारा व्होल्टचा बल्ब लावा, दुसरं टोक बॉडीला. एमपीएफआयमध्ये पंपाच्या सप्लायवरून दुसरा बल्ब. डोळ्यावर उजेड येणार नाही असे डॅशबोर्डवर चिकटवा, गाडी नेहमीसारखी वापरा आणि बल्ब बघायचं काम शेजारी बसलेल्याला द्या.

बंद पडताना कॉइलचा बल्ब विझला, तर कॉइलच्या अलीकडे, म्हणजे इग्निशन स्विच, फ्यूज, मेन रिले किंवा सिक्युरिटी अलार्ममध्ये दोष आहे. बल्ब पेटलेला राहून इंजिन गेलं, तर कॉइल, पॉइंट (जुन्या गाडीत कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), इग्नायटर किंवा पेट्रोल. पंपाच्या बल्बचा अर्थ लावताना जरा जपून. इंजिन थांबल्यावर ईसीयू (इंजिनचा संगणक) दोन-तीन सेकंदांत पंप बंद करतोच, त्यामुळे बल्ब इंजिनच्या आधी गेला की नंतर, हे बघायचं.

इंजिन गरम झालं की बंद, अर्ध्या तासाने काही न करता सुरू. कशावर संशय घ्यावा?

कॉइल, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा भाग), इग्नायटर, क्रँक किंवा कॅम पोझिशन सेन्सर (इंजिन कुठवर फिरलं हे ईसीयूला सांगणारा), आणि व्हेपर लॉक. शेवटचा सोडला तर सगळे विजेचे आहेत, म्हणून आधी गरम इंजिनवरच करंट बघायचा. करंट असेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा.

कॉइल: मल्टीमीटरने थंड असताना आणि बंद पडल्यावर लगेच, असं दोनदा मोजा. बहुतेक जुन्या कॉइलमध्ये प्रायमरी १ ते ४ ओहम आणि सेकंडरी ७ ते १५ किलोओहमच्या दरम्यान असते. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. गरम झाल्यावर थोडी वाढ होणारच. पण रीडिंग उड्या मारत असेल किंवा सर्किट उघडं दाखवत असेल, तर कॉइल गेली. नवी कॉइल घेताना बॅलास्ट रेझिस्टरची (व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर जोडून चालणारी) आहे की बिनबॅलास्टची, हे विचारा. बॅलास्टवर चालणारी कॉइल थेट बारा व्होल्टवर जोडली तर ती इतकी तापते की महिन्याभरात हाच दोष पुन्हा दारात येतो.

पॉइंटच्या गाडीत पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी असावा. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसला किंवा पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर संशयित. तो साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. थंड असताना मोजला तर बरा दिसतो आणि गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून मोजत बसण्यापेक्षा पॉइंटबरोबर बदलून टाकणंच शहाणपणाचं. काढलेला कंडेन्सर चांगला असेल तर गाडीत ठेवा.

इग्नायटर आणि सेन्सरसाठी हेअर ड्रायर वापरा. इंजिन आयडलिंगवर ठेवून एकाच भागावर गरम हवा मारा. इंजिन बंद पडलं, तर त्या भागावर ओलं फडकं ठेवून दोन मिनिटांनी सुरू होतं का बघा. दोनदा तसंच झालं तर दोषी सापडला. काही मॉडेलांत हा सेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाच्या) पोटातच असतो.

मे महिन्यात घाट चढताना बंद पडते. व्हेपर लॉक आहे का?

असू शकतं. व्हेपर लॉक म्हणजे पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होणं. मेकॅनिकल पंप वाफ ओढू शकत नाही, कार्बोरेटर रिकामा राहतो. मुंबईचे पद्मिनी टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याचसाठी. पंपावर आणि पाइपवर पाणी टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर संशय पक्का. कॉइलवर पाणी उडू देऊ नका, नाहीतर कशामुळे सुरू झाली हे कळणार नाही.

पण ८०० च्या पंपाला टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन असते. जादा पेट्रोल फिरत राहतं, त्यामुळे निरोगी ८०० मध्ये व्हेपर लॉक सहसा होत नाही. होत असेल तर रिटर्न पाइप दबलाय किंवा चोंदलाय का, कोणी तो बंद तर केला नाही ना, कार्बोरेटरखालचं जाड इन्सुलेटर गॅस्केट जागेवर आहे का आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे बघा. पंपाचा डायफ्रामही (आतला लवचीक पडदा) तपासावा. तो फाटला की पेट्रोल बाहेर गळतं किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका. आधी पंप, मग ऑइल बदला.

सिग्नलला थांबताना किंवा क्लच दाबला की बंद पडते.

कार्बोरेटरच्या गाडीत पहिला संशयित फ्युएल कट सोलेनॉइड (चावी बंद केली की पेट्रोल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह). चावी ऑन केल्यावर कार्बोरेटरवर 'टक्' आवाज यायला हवा. त्याची वायर सैल असेल तर गाडी कधी आयडल धरते, कधी नाही. दुसरा संशयित स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचा जेट. तो काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट भंगारात.

चोक थोडा ओढून बघा. इंजिन सुधारलं तर मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. बिघडलं आणि काळा धूर आला तर उलट: फ्लोटची नीडल (चेंबर भरला की पेट्रोल थांबवणारी सुई) बसत नाही, चेंबर ओसंडतोय. जादा हवा शोधण्यासाठी व्हॅक्यूमचे रबरी पाइप एकेक करून पकडीने अलगद दाबा. ज्या पाइपने आयडलिंग सुधारेल तो, किंवा त्याच्या टोकाचा भाग, हवा घेतोय. ब्रेक बूस्टरचा पाइप विसरू नका. मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा; गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत आहे, पण तीत आगीचा धोका आहे.

एमपीएफआयमध्ये थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावरचा) काळा थर आणि आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा ठरवणारा) साफ करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असा आमचा अंदाज आहे.

फक्त एसी लावल्यावर बंद पडते.

कार्बोरेटरच्या गाडीत आयडल-अपचा (एसी लागताना आयडलिंग वाढवणारा) डायफ्राम आणि त्याचा व्हॅक्यूम स्विच. कॉम्प्रेसर लागताना दांडी सरकते का ते बघा. नुसता आयडलिंगचा स्क्रू वाढवणं म्हणजे आजार झाकणं.

डिस्ट्रिब्युटर नवा, कॉइल नवी, तरी रेस केली की अधूनमधून जाते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत बेस प्लेटला जोडलेली एक बारीक लवचीक वायर असते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ बदलणाऱ्या रचनेमुळे) प्लेट हलते तशी ही वायर वाकते आणि वर्षांनंतर आवरण शाबूत राहून आतली तार तुटते. मल्टीमीटरला ती चांगली दिसते. आयडलिंगवर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पाइप काढून तोंडाने ओढा. प्लेट सरकताच इंजिन गेलं तर सापडलं. हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

फक्त पावसात त्रास होतो.

रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरांवर स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतील तिथे करंटची गळती. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला, घासून उपयोग नाही. एचटी वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २० किलोओहमच्या वर असेल तर सगळा संच बदला. हात आणि सैल बाही वायरांपासून आणि पंख्यापासून दूर ठेवा.

खड्ड्यात आदळली किंवा वळली की बंद.

इथे चावीपासून सुरुवात करा. इंजिन चालू ठेवून चावी हलकेच डावी-उजवी हलवा. जड कीचेनमुळे स्विच झिजतो. मग बाहेरून बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक. यांचा रिले बहुधा इग्निशनची किंवा पंपाची वायर कापून, पिळून, टेप गुंडाळून जोडलेला असतो. उन्हाने टेप सुटतो, सांधा तापतो आणि चालत्या गाडीचा सप्लाय जातो. आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या गाडीतला असा अलार्म आधी काढून मूळ वायर सोल्डर करा, बाकी तपास नंतर.

अर्थिंग मोजायचं असेल तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं इंजिनच्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. कोकण-गोव्याकडच्या गाड्यांत खारट हवेने कनेक्टरच्या आत हिरवा गंज चढतो. बाहेरून काहीच दिसत नाही, प्रत्येक कनेक्टर उघडूनच बघावा लागतो.

एमपीएफआय आहे, पण चेक इंजिनचा दिवा लागत नाही. म्हणजे सेन्सर ठीक?

नाही. क्षणभर तुटलेला सिग्नल जुन्या ईसीयूच्या नजरेतून सुटतो आणि पेट्रोलचं प्रेशर तर तो मोजतच नाही. जुन्या सुझुकी पद्धतीत डायग्नोसिस कनेक्टरच्या ठरावीक पिना जोडल्या की दिवा लुकलुकून कोड सांगतो. १२ म्हणजे नोंदवलेला दोष नाही, एवढंच. कोणत्या पिना, ते मॅन्युअलमधून बघा. चुकीच्या जोडल्या तर ईसीयू जाईल.

प्रेशर गेजवर साधारण २.५ ते ३ बार दिसावं, आणि ते बंद पडण्याच्या सुमारास घसरतं का हे महत्त्वाचं. बंद पडल्यावर टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलकेच ठोकलं आणि गाडी सुरू झाली, तर पंपाचे ब्रश संपले आहेत. पंप बदलण्याआधी त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर नवा पंपही तसाच वागेल. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी चालवणं त्याला मारक.

पंधरा-वीस मिनिटं चालते, मग गुदमरते. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' होतं.

टाकीचा श्वास बंद आहे. हवा आत यायला वाट नाही, त्यामुळे पेट्रोल पुढे येत नाही. झाकण सैल ठेवून थोडं अंतर चालवा. दोष गेला तर झाकण किंवा ब्रीदर पाइप साफ करा.

ई२० पेट्रोलमुळे असं होतं का?

काही अंशी होतं. ई२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. ८०० त्यासाठी बनलेली नाही. त्रास तीन प्रकारे होतो. जुने रबरी पाइप मऊ पडतात आणि आतून सुटतात. टाकीतला वर्षांचा चिकट थर विरघळून फिल्टरमध्ये येतो. आणि इथेनॉल पाणी धरतं. पावसाळाभर उभ्या गाडीत पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, पंप तेच आधी ओढतो. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून रिकामी करा.

पाइप बदलताना जुन्याचं आतलं माप घ्या आणि इथेनॉल चालेल असं लिहिलेला, एसएई जे३० आर९ दर्जाचा पाइप मागा. फिल्टर लगेच बदला आणि चार-पाच टाक्यांनंतर पुन्हा एकदा. कार्बोरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे असल्यामुळे ई२० वर मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं, आणि थंड इंजिन अडखळतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय गाडी हे बरंच सांभाळून घेते.

सीएनजी किट आहे. कुठून सुरुवात करावी?

तुमच्याकडे फुकटची चाचणी आहे. दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. दोन्ही इंधनांवर बंद पडते, तर दोष इग्निशनचा किंवा सप्लायचा. फक्त पेट्रोलवर पडते तर पंप, जेट, फिल्टर. फक्त सीएनजीवर पडत असेल तरी आधी प्लग आणि एचटी वायर बघा, कारण सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते आणि मरगळलेलं इग्निशन तिथे आधी उघडं पडतं. त्यानंतर रिड्यूसर (सिलिंडरमधल्या गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग). त्याला गरम पाण्याचा पाइप पोहोचत नसेल तर बर्फ धरतो.

हायवेवर चालत्या गाडीत इंजिन गेलं तर?

इंडिकेटर देऊन वेग आहे तोवर डावीकडे या. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच सलग दाबा. त्यानंतर पाय जोरात दाबावा लागेल, पण ब्रेक लागतो. माणसं रेलिंगपलीकडे उभी करा, मग बोनेट.

सगळं तपासलं. हळूहळू ताकद जाते आणि बंद पडते, थांबल्यावर पुन्हा चालते.

सायलेन्सरच्या वाटेतला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असेल. मुंबईत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून लागू झाला, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीतही तो सापडतो. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन साधारण २५०० आरपीएमवर धरा. काटा स्थिर न राहता हळूहळू खाली येत असेल तर पुढचा पाइप सैल करून गाडी थोडी चालवून बघा. आवाज प्रचंड येईल. ताकद परत आली तर कन्व्हर्टर बदलावा लागेल. तो का चोंदला हेही शोधा: बहुतेकदा मागे ओसंडणारा कार्बोरेटर किंवा मिसिंग करणारा प्लग असतो, आणि तो तसाच ठेवला तर नवाही जाईल.